विमा नाही भरला म्हणून अतिवृष्टीचं अनुदान बुडतं का?

सप्टेंबर 2025 ला मराठवाड्यात शेतं खरडून गेली तेव्हापण हेच कानावर पडत होतं की "आपण पीक विमा भरला नाही, आपल्याला काय मिळणार". अहो नाही, या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत! विमा म्हणजे विमा कंपनीशी करार, हप्ता भरला तरच. अतिवृष्टीचं अनुदान येतं सरकारच्या आपत्ती निधीतून, त्यात 75 टक्के केंद्राचे आणि 25 टक्के राज्याचे, तुमचा हप्ता त्यात कुठंच नाही. मुख्य अट ही की पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त पाहिजे आणि पंचनामा झालेला पाहिजे, तो तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक करतात, म्हणून यादीत नाव आहे का ते स्वतः जाऊन बघाच, विशेषतः ज्यांची जमीन सामाईक आहे त्यांनी.

आणि केंद्राच्या 2022-26 च्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000, फळबागेला 22,500, तेपण 2 हेक्टरपर्यंत (राज्य सरकार कधीकधी 3 हेक्टर करतं). ही पूर्ण भरपाई नाहीये, पुढच्या पेरणीच्या बी-खताला हातभार आहे फक्त, कमीच आहे. पण विमा नाही म्हणून हक्काचे पैसे सोडू नका, आधार बँकेला लिंक आहे का तेवढं आजच बघून घ्या.