‘कोणाला सांगणार नाही ना?’ : समाजकार्यातल्या गोपनीयतेची पार्श्वभूमी

समाजकार्याची आचारसंहिता नव्याने लिहा ही मागणी परत सुरू झालीये. सगळे एआय आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतायत, पण गाडी अडलीये एका जुन्याच शब्दावर, गोपनीयता.

१९३६ ला मुंबईत नागपाड्यात समाजकार्य शिकवणारी शाळा निघाली, केसवर्क (एकेका माणसाशी बोलून त्याच्या अडचणीवर काम करणं) अमेरिकेतून आलं आणि त्याच्या सामानात हा शब्दही आला. तिकडे बंद दार आणि दोन खुर्च्या. इकडे होम व्हिजिटला गेलं की दहा बाय दहाच्या खोलीत सासू, दीर, शेजारच्या काकू सगळे बसलेले, आणि चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत. आपल्या मातीतली आचारनीती कागदावर यायला १९९७ उजाडलं. तिच्यात वंचितांच्या बाजूने उभं राहण्यावर जोर आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स, झालेल्यांपैकी कितींनी ती शेवटपर्यंत वाचलीये हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

खरी पंचाईत झाली ती १४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू झाल्यावर. कलम १९ सांगतं की मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवायचं, आणि हे डॉक्टर, शिक्षक, समाजकार्यकर्ता सगळ्यांनाच लागू, नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. संमतीचं वय अठरा. म्हणजे सरकारी दवाखान्यात समोर सतरा वर्षांची मुलगी बसलीये, तिसरा महिना, पोरगा तिच्याच गल्लीतला, ती सांगते मी मर्जीने गेले, आणि तोंड उघडायच्या आधी विचारते, कोणाला सांगणार नाही ना. टेबलावरच्या फॉर्मवर मात्र अजून तीच ओळ छापलेली : ‘आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल.’

आता यात दोन बाजू आहेत. सक्तीच्या बाजूचे म्हणतात की घरातलाच माणूस अत्याचार करत असतो आणि गप्प बसण्याला इतकी वर्षं ‘गोपनीयता’ हे छान नाव मिळालेलं होतं, आणि ते खोटं नाही. पण माझ्या मते किंमत मोजली ती मुलींनी, कारण आधीच मर्यादा सांगितली तर ती उठून जाते आणि भोंदू डॉक्टरकडे पोचते, नाही सांगितली तर आपण तिला फसवलं. सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने थोडी वाट काढली : मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने कळवताना तिचं नाव द्यायची गरज नाही. डॉक्टरने. बाहेर बाकावर तिच्याशी तासभर बोललेल्या समाजसेवा अधीक्षकाबद्दल, म्हणजे दवाखान्यातल्या समाजकार्यकर्त्याबद्दल, अक्षर नाही. नाव लपवणं, गोष्ट लपवणं आणि फाईल कुलपात ठेवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण तिन्हींना एकच शब्द वापरतो आणि मग भांडत बसतो.

बाकी जग तोवर पुढे गेलं. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेने २०१७ ला आपल्या आचारसंहितेत टेक्नॉलॉजीवर कलमं घातली, २०२१ ला कार्यकर्त्याने स्वतःची काळजी घेणंही त्यात आलं. २०१८ ला डब्लिनमध्ये समाजकार्याच्या आचारनीतीची जागतिक तत्त्वं नव्याने मांडली गेली, सोशल मीडियाच्या वापरासकट. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचं वेगळं कलम आलं. आणि फिल्डवर? फंडरला, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेला, प्रूफ हवं म्हणून होम व्हिजिटचा जिओटॅग फोटो, खाली अक्षांश-रेखांश आणि तारीख, मागे त्या बाईचं दार आणि दारावरची पाटी, थेट तीसेक लोकांच्या ग्रुपवर. यात कोणाला काही गैर वाटत नाही, कारण लाभार्थीने सही केलेली असते (किंवा अंगठा).

वकील चुकला तर बार कौन्सिलकडे जाता येतं, इथे जायचं कुठे? समाजकार्याच्या कौन्सिलची मागणी जुनीच आहे. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या (डॉक्टर-नर्स सोडून बाकी आरोग्य व्यवसायांसाठीचा) यादीत वैद्यकीय आणि मनोरुग्ण विभागातले समाजकार्यकर्ते आले. वस्तीत काम करणारे बाहेरच राहिले, तो फोटो टाकणारेही आणि टाकायला लावणारेही.