कॉन्टॅक्टर चिकटला, की चिकटल्याची नुसती बोंब?

"मालक, चार्जरचा कॉन्टॅक्टर अडकलाय, नवीन टाकू का?" असा फोन आला की 'अडकलाय' या शब्दानेच माझं डोकं उठतं. चार्जर म्हणजे विजेच्या गाडीचा, आणि कॉन्टॅक्टर म्हणजे कॉइलला वीज मिळाली की मुख्य पॉइंट जोडणारा, वीज गेली की सोडणारा त्यातला स्विच. उचलत नाही तोही अडकलाय आणि सोडत नाही तोही अडकलाय! उचलत नाही त्यावर मी शब्द खर्च करणार नाही. गाडी लावली, पायलटचं (गाडी आणि चार्जर ज्या वायरवर बोलतात तिचं) व्होल्टेज ९ वरून ६ वर आलं, म्हणजे गाडीने वीज मागितली, तरी खट्ट आवाज नाही. मग कॉइल, तिचा सप्लाय, नाहीतर चार्जर चालवणारं कंट्रोल कार्ड. दहा मिनिटांत सापडतं. खरा घोळ 'सोडत नाही' मध्ये आहे, कारण त्याच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉन्टॅक्टर खरंच चिकटलेला असणं ही एक, आणि तो चिकटलाय असं चार्जरने सांगणं ही दुसरी.

सोलापुरात ही गल्लत जास्त होते ती यंत्रमागामुळे, असं माझं मत. इथला वायरमन कॉन्टॅक्टर शिकला मागाच्या स्टार्टरवर. तिथे पॉइंट चिकटले तर स्टॉपचं बटण दाबूनही मोटर फिरत राहते, शेडमधलं पोरगंसुद्धा सांगेल. चार्जरमध्ये फिरणारं काहीच नाही. तिथे बातमी देतं कार्ड, आणि कार्डाला कॉन्टॅक्टरच्या आत डोकावता येत नाही. ते एकतर आउटपुटला व्होल्टेज उरलंय का बघतं, नाहीतर ऑक्झिलरीवरून, म्हणजे कॉन्टॅक्टरबरोबर हलणाऱ्या छोट्या जादा पॉइंटवरून, आलेल्या दोन बारीक वायरींवर विश्वास ठेवतं. कॉइल सोडल्यावर 'उघडलो' असा निरोप वेळेत आला नाही की लाल दिवा. निरोप देणारा मेलाय की वाटेत अडकलाय, हे कार्डाला कळत नाही.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या आवारात २२ किलोवॉटचा चार्जर आहे. त्याचे दोन कॉन्टॅक्टर बदलून झाले, फॉल्ट तोच. मी गेलो तेव्हा दोन्ही जुने टेबलावर पडले होते. मीटर लावला, एकाचाही एकही पोल (मुख्य पॉइंटची जोडी) चिकटलेला नव्हता. मग पुढून खटक्याने बसणारा ऑक्झिलरी ब्लॉक काढला. दोन्ही वेळा जुनाच ब्लॉक नव्या कॉन्टॅक्टरवर चढवला होता, 'तो काय बिघडणार' म्हणून. आत टॉवेलची तूस बसलेली, एनसी पॉइंट (कॉन्टॅक्टर सुटलेला असताना जोडलेला राहतो तो) कधी लागतोय, कधी नाही. मागाच्या स्टार्टरमध्ये असाच ऑक्झिलरी पूर्ण व्होल्टेजवर कॉइल धरून ठेवतो, तिथे असली बारीक घाण ठिणगीनेच जळून जाते. कार्डाचा निरोप जातो काही मिलीअँपिअरवर. तेवढ्याने तूस जळत नाही, उलट तूसच निरोप अडवते. ब्लॉक बदलला, फॉल्ट गेला.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी गाडीला लावलेली गन, म्हणजे चार्जरच्या केबलचा प्लग, काढा. गन लावून मोजणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, गाडीच्या चार्जरमधले कपॅसिटर आणि फिल्टर मीटरला वाटेल ते दाखवतात. मग फॉल्ट असताना कॉइलची दोन टोकं, ए१-ए२, बघा. तिथे व्होल्टेज असेल तर कॉन्टॅक्टर बिचारा हुकूम पाळतोय, कार्डावरचा रिले किंवा ट्रायक (इलेक्ट्रॉनिक स्विच) चिकटलाय. अर्धवट व्होल्टेज दिसलं तरी सोडून देऊ नका. एसी कॉइल सुटण्याचं व्होल्टेज रेटिंगच्या २० ते ७५ टक्क्यांत कुठेही असू शकतं, म्हणजे २३० च्या कॉइलला ४६ ते १७२ व्होल्ट. स्नबरमधून (त्या स्विचला समांतर लावलेल्या कपॅसिटर-रेझिस्टरमधून) झिरपणाऱ्या करंटवरही एखादा छोटा कॉन्टॅक्टर धरून बसतो. डिजिटल मीटर मात्र हवेतलंही व्होल्टेज दाखवतो, तेव्हा शंका आली तर टेस्ट लॅम्प लावा. पेटला तर खरं.

ए१-ए२ कोरडं असेल तर मेन एमसीबी पाडा, सप्लाय गेल्याची खात्री करा, आउटपुटच्या वायरी सोडा आणि प्रत्येक पोल इनकमिंगपासून आउटगोइंगपर्यंत ओहमवर मोजा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, न्यूट्रलसुद्धा. एकटा न्यूट्रल चिकटला तर आउटपुटला व्होल्टेज दिसतच नाही, आणि टेस्टर घेऊन फिरणारा 'सगळं ओके' म्हणून निघून जातो. शून्याजवळ रीडिंग आलं तरच चिकटला म्हणा. सगळे पोल उघडे असतील तर कॉन्टॅक्टरला हात लावू नका, ऑक्झिलरी, त्याच्या वायरी आणि कार्डाचं इनपुट तपासा.

खरंच चिकटलेला निघाला, तर तो का चिकटला ते बघितल्याशिवाय नवीन बसवू नका. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लाइन १९० व्होल्टवर येते. कॉइल रेटिंगच्या ८५ टक्क्यांपर्यंत उचलण्याची हमी असते, म्हणजे साधारण १९५. त्याखाली हमी संपते, कधी ती धड उचलत नाही, धड सोडत नाही, फडफडत राहते, आणि ३२ अँपिअरवर प्रत्येक फडफडीला पॉइंट थोडे वितळतात. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून सुटलेला कॉन्टॅक्टर पुन्हा चालवणारे लोक मी बघितले आहेत. वितळलेला पॉइंट खडबडीत झालेला असतो, पुढच्या वेळी तो लवकर चिकटतो.

फीडबॅकच्या, म्हणजे ऑक्झिलरीच्या त्या दोन बारीक, वायरींना जंपर मारणाऱ्याला (त्या थेट एकमेकींना जोडणाऱ्याला) तर मी पुन्हा कामाला बोलावत नाही. गाडीशी बोलणं झाल्याशिवाय गनमध्ये वीज जाऊ नये, एवढ्यासाठीच ही तपासणी आहे. जंपर मारला की कॉन्टॅक्टर खरोखर चिकटेल त्या दिवशी कार्ड 'उघडलाय' म्हणेल आणि पिना जिवंत असतील. ऑक्झिलरी घ्यायचाच तर मिरर कॉन्टॅक्टचा घ्या. त्यात एकही मुख्य पोल चिकटलेला असेल तर एनसी बंद होऊच शकत नाही. साध्या ऑक्झिलरीत ही हमी नसते. दुकानदार 'सगळे सारखेच' म्हणतो, डेटाशीट मागा.

टॉवेल कारखान्यातले ते दोन 'खराब' कॉन्टॅक्टर मालकांनी मागाच्या स्टार्टरला लावून टाकले. अजून चालू आहेत.