वेडी बाभूळ आणि गावठी बाभूळ: कुऱ्हाड उचलण्याआधी

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठावर सफाईची मोहीम झाली की फोटोखाली ठरलेलं वाक्य येतं: ‘काठावरच्या बाभळी काढल्या.’ कोणत्या बाभळी, ते कुणी लिहीत नाही, कारण कुणी पाहिलेलंच नसतं. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी आपली मराठी मंडळीसुद्धा गांडो बावळ (वेडी बाभूळ) आणि देशी बावळ (गावठी बाभूळ) एकाच रांगेत बसवतात, याचा मला आता मनापासून राग येतो.

गावठी बाभूळ तुम्हाला माहीत आहे. पिवळे गोंडे, डिंक, रस्त्याकडेला विकायला बसलेल्या बायांकडची दातणं, पाण्यावर लोंबणारे सुगरणीचे खोपे. तिच्याबद्दल वेगळं सांगत नाही.

वेडी बाभूळ अमेरिका खंडातली. भारतात ती 1870 च्या दशकात आली. पुढे 1960 च्या दशकात कच्छचं रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने ती कच्छमधल्या बन्नी या गवताळ पट्ट्याच्या बाजूला लावली आणि तिने तिथली गवताची कुरणंच गिळली. ओळखायला सोपी आहे. गावठीचं फूल गोल गोंडा, हिचा बोटाएवढा लांबट, फिकट तुरा. गावठीची शेंग राखाडी, दोन बियांच्या मध्ये आवळलेली. हिची पिवळसर, सलग आणि चवीला गोड. गावठीचं खोड काळं, भेगाळलेलं आणि बहुधा एकच. ही बुडापासूनच चार-पाच फांद्यांनी फुटते. दोघींना काटे असतात, त्यामुळे काट्यांवरून काही ठरवू नका.

खरा घोटाळा ओळखण्यात नाही, तोडण्यात आहे. मोठी गावठी बाभूळ जमिनीलगत कापली की बहुतेक वेळा ती संपते; जुन्या बुंध्याला फुटवा क्वचितच येतो. वेडीचं उलट. तिचे सुप्त डोळे मातीखाली, खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे असतात. वरून कितीही कापा, पाऊस पडला की त्या बुंध्याभोवती बोटाएवढ्या जाडीच्या हिरव्या कोंबांचं कडं उभं राहतं आणि एका खोडाच्या जागी झुडूप तयार होतं. म्हणजे ज्या काठावर ‘सगळं काटेरी’ सरसकट कापलं जातं, तिथे प्रत्येक मोहिमेनंतर गावठी कमी होते आणि वेडी दाट होते. सफाईच तिला जागा करून देते. हातात विळा-कोयता घेऊन रविवार सकाळ घालवणाऱ्यांची मेहनत अशी उलटी फळताना बघवत नाही.

म्हणून माझा आग्रह एकच: गावठीला हात लावू नका, आणि वेडीला कुऱ्हाडीने नुसती छाटू नका. बुंध्याभोवती माती उकरा आणि मूळ त्या जोडाच्या खाली, साधारण हातभर खोलीवर तोडा. रोपटी असतील तर पावसाळ्यात माती मऊ असताना मुळासकट उपटा. वेळ लागतो, फोटोत दिसण्यासारखं काम कमी होतं. तरी दहा बुंधे नीट काढणं शंभर छाटण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

हे एकट्या सोसायटीचं काम नाही. शेंगा गोड म्हणून शेळ्या, गुरं, नीलगायी त्या खातात आणि न पचलेलं बी लेंड्यांतून, शेणातून दूरवर पडतं. ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. तुमचा काठ स्वच्छ आणि शेजारचा रिकामा प्लॉट वेडीने भरलेला, तर दोन पावसाळ्यांत परत तेच. प्लॉटमालक, गुरं चारणारे भरवाड, महानगरपालिका आणि वरच्या बाजूची गावं या सगळ्यांशी बोलावं लागतं. नदी पावागडाकडून येते आणि पुराच्या पाण्याबरोबर शेंगाही येतात. भरवाडांना ‘शेळ्या हाकला’ म्हणून भांडण काढू नका. पिकलेल्या शेंगा गोळा करून दळल्या की जनावरांना चांगलं खाद्य होतं आणि बी फुटून जातं. त्यांच्याही फायद्याची गोष्ट सांगितली तर ते सोबत येतात.

वनखात्याला विचारल्याशिवाय काठ खणू नका. उन्हाळ्यात मगरी याच मातीत अंडी घालतात, पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पूर्ण संरक्षण आहे. खणायचं ते पावसाळ्यानंतर, थंडीत, आणि एका वेळी थोडाच पट्टा. उघड्या पडलेल्या मातीत लगेच वाळा, करंज लावा, नाहीतर पुढच्या पुरात काठ ढासळेल.

‘परदेशी ते सगळं वाईट’ असंही म्हणू नका. आपल्या दारातली विलायती चिंच बाहेरचीच, पण तिने कुरणं गिळलेली नाहीत. उलट आपलीच गावठी बाभूळ सावली-चाऱ्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये नेली गेली आणि तिथल्या गवताळ मैदानांत आज तिच्याच नावाने शंख होतो. तिथे ती काढायलाच हवी. विश्वामित्रीच्या काठावर मात्र ती राहू द्या, आणि पुढच्या मोहिमेत कुऱ्हाडी वाटण्याआधी राखायच्या प्रत्येक गावठी झाडाला चुन्याचा पट्टा ओढा.