यंत्राची सांडशी

गॅसवरून दुधाचं पातेलं उतरवताना सांडशी काठाला कुठे लावायची, किती आवळायची, किती वेगाने वळायचं हे आपण मनातल्या मनातही बोलत नाही. पातेलं ओट्यावर टेकलं की हाताला कळतं आणि मगच पकड सैल होते. प्रयोगशाळेतल्या रोबोला यातलं काहीच आपसूक येत नाही. त्याला प्रत्येक गोष्ट आकड्यात सांगावी लागते, आणि आकडा चुकला तर तो चुकीच्या आकड्याशीही तितकंच इमान राखतो.

हा रोबो दिवसभर जी वस्तू इकडून तिकडे नेतो ती म्हणजे मायक्रोप्लेट. तळहाताएवढी प्लास्टिकची ताटली, तिच्यात रांगेने पाडलेले खळगे, एकेका खळग्यात एकेक नमुना. प्रयोगशाळेत त्यांना ‘वेल’ म्हणतात. सगळ्यात जास्त चालते ती ९६ खळग्यांची, ८ ओळी (ए ते एच) आणि १२ रकाने (१ ते १२), म्हणून पहिला खळगा ए१ आणि शेवटचा एच१२. तेवढ्याच जागेत ३८४ किंवा १५३६ खळगे बसवलेल्या प्लेटाही मिळतात. १९५१ मध्ये हंगेरीत फ्लूची साथ होती आणि सामग्रीची चणचण होती, तेव्हा ज्युला तकाची या डॉक्टरांनी ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात ७२ खळगे कोरून घेतले. मायक्रोप्लेटचा जन्म तिथला. पुढे प्रत्येक कंपनीची प्लेट थोडी वेगळी निघू लागली. माणसाला त्याचं काही नव्हतं, यंत्राला होतं. शेवटी २००४ मध्ये अमेरिकेत रीतसर मानक ठरलं: तळाची लांबी १२७.७६ मिलिमीटर, रुंदी ८५.४८ मिलिमीटर. दोन दशांश स्थळांपर्यंत!

मग काम संपलंच की, असं वाटेल. पण त्या मानकात एक गंमत आहे. कोपऱ्यांपाशी पाव मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, मधल्या भागात मात्र अर्धा मिलिमीटर. प्लास्टिकची लांब बाजू मधे थोडी फुगते किंवा आत जाते, म्हणून ही सूट. आणि ग्रिपरची, म्हणजे रोबोच्या हाताच्या टोकाला असलेल्या चिमट्याची, बोटं प्लेटला धरतात ती बहुतेक वेळा बाजूच्या मधोमधच. म्हणजे माप जिथे सगळ्यात सैल, नेमकी तिथेच पकड. त्यामुळे ‘८५.४८ पर्यंत मिटायचं आणि थांबायचं’ एवढं सांगून भागत नाही. थोडं आणखी आत मिटायचं, पण ठरावीक जोर लागला की थांबायचं, असं सांगावं लागतं.

जोर तरी किती? हिशोब फार सोपा आहे. साधी ९६ची प्लेट द्रवासकट ६५ ग्रॅमच्या आसपास धरू. दोन्ही बोटांवरचं घर्षण मिळून ते वजन तोलतं. रबरी गादी आणि प्लास्टिक यांच्यातला घर्षणांक ०.५ मानला, तर प्रत्येक बोटाने ६५ ग्रॅम वजनाइतका दाब दिला की प्लेट हवेत राहते. लिंबापेक्षा फारसं जास्त नाही. प्रत्यक्षात हिसके, ओलसर कडा, झिजलेली गादी हे सगळं धरून दाब कितीतरी पट ठेवतात. दोन-दोन मिलिलिटरचे खोल खळगे असलेली प्लेट काठोकाठ भरली तर नुसतं पाणीच १९२ ग्रॅम होतं, तिला वेगळा आकडा लागतो.

दाब वाढवायलाही मर्यादा आहे. पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या कामाच्या, प्लेटा पातळ पॉलिप्रॉपिलिन प्लास्टिकच्या असतात. तापवणं-थंड करणं असे तीस-चाळीस फेरे झाले की त्या आधीच थोड्या वाकलेल्या असतात. त्यांना जोरात दाबलं की मधला भाग कमानीसारखा वर येतो. चौकट कडक प्लास्टिकची ठेवून खळगे तेवढे मऊ प्लास्टिकचे केलेल्या प्लेटा निघाल्या, त्या याच कटकटीपायी.

किती उंचीवर धरायचं हाही आकडा असतो, आणि नवशिके हमखास इथे अडकतात. प्लेटच्या बुडाशी एक कड असते, बाहेर आलेली. मानकानुसार तिची उंची तीन प्रकारची असू शकते: २.४१, ६.१० किंवा ७.६२ मिलिमीटर. धरायचं तिथे, किंवा तिच्या वरच्या भिंतीवर. पण प्लेटवर झाकण असेल तर झाकणाची कडा भिंतीवर खाली उतरलेली असते. मी पहिल्यांदा हे काम शिकत होतो तेव्हा बिनझाकणाच्या प्लेटीवर सगळं जुळवलं आणि मग झाकणवाली प्लेट लावली. हात ऐटीत वर गेला. बोटांत झाकण होतं, प्लेट जागच्या जागी. आमचे सर एवढंच म्हणाले, “झाकण छान पकडलंयस.”

तरीही माझ्या मते उचलणं हा या कामाचा सोपा भाग आहे. उचलताना प्लेट जरा तिरकी असली तरी बोटं मिटताना तिला सरळ करून घेतात. ठेवताना असं कुणी सांभाळून घेत नाही, तोवरच्या सगळ्या चुका तिथे एकदम बाहेर पडतात. हाताची लांबी अर्धा मीटर असेल आणि खांद्याच्या सांध्यात फक्त ०.१ अंशाची चूक असेल, तर टोकाला प्लेट जवळजवळ ०.९ मिलिमीटर सरकते. प्लेट जिथे बसते त्या चौकटीत, म्हणजे ‘नेस्ट’मध्ये, मोकळीक असते तीही साधारण तेवढीच किंवा कमी. म्हणून नेस्टच्या कडांना आतल्या बाजूला उतार देतात, प्लेट घसरून जागेवर बसावी म्हणून.

पण घसरायला हातानेही थोडं ऐकलं पाहिजे. ताठ हात प्लेटला उतारावर दाबत राहील आणि ती तिरकी अडकेल. १९७८ मध्ये जपानच्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी ‘स्कारा’ जातीचा हात बनवला, तो उभ्या दिशेने ताठ आणि आडव्या दिशेने किंचित ढिला. भोकात खुंटी बसवण्यासारख्या जुळणीच्या कामाला तो सोयीचा पडला. आज प्लेट उचलणारे बरेचसे हात याच जातीचे असतात, यात मला तरी नवल वाटत नाही.

जागा शिकवायची पद्धत पाहण्यासारखी असते. ग्रिपर मोकळा ठेवून हात नेस्टपाशी आणायचा. प्लेट नेस्टमध्ये नीट बसवलेली. आता बोटं हळूहळू मिटायची आणि नजर फक्त प्लेटवर ठेवायची. ती डावीकडे सरकली? म्हणजे उजवं बोट आधी टेकलं. हात थोडा उजवीकडे घ्या. कोपरा उचकला? मनगट फिरलेलं आहे. पुन्हा उघडा, पुन्हा मिटा. बोटं मिटताना प्लेट जराही हलत नाही, तेव्हा ती जागा नोंदवायची. उंची कानाने कळते. हात दीड-दोन मिलिमीटर वरूनच प्लेट सोडत असेल तर ‘टक्’ आवाज येतो आणि खळग्यांतले थेंब उडतात. फार खाली गेला तर आवाज येत नाही, पण मोटर कण्हल्यासारखी होते. एका यंत्रावर अशा पंधरा-वीस जागा असल्या की अख्खा दिवस जातो, आणि कुणीतरी टेबलाला धक्का दिला की दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

वेगाचं गणित वेगळं. हात दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेऊ लागला, तर द्रवाचा पृष्ठभाग साडेअकरा अंशांनी तिरका होतो. साडेसहा मिलिमीटर रुंदीच्या खळग्यात याचा अर्थ कडेला जेमतेम ०.७ मिलिमीटर चढ. पण त्याच मापाच्या ताटलीत एकच मोठा हौद असेल, जसा डिटर्जंट किंवा बफर ठेवायला वापरतात, तर टोकाला पाणी ११ मिलिमीटर चढतं आणि ओसंडतं. हात तोच, वेग तोच. १५३६ खळग्यांच्या प्लेटमध्ये खळगा दीडेक मिलिमीटरचा असतो. पाण्याचा पृष्ठताण साधारण २.७ मिलिमीटरपेक्षा लहान जागेत गुरुत्वाकर्षणाला भारी पडतो, म्हणून ही प्लेट उलटी केली तरी पाणी सहसा पडत नाही. तिला हवं तसं पळवा. हौदाला मात्र नव्या नवरीसारखं जपून न्यावं लागतं.

प्लेट हातात आली की नाही, हे ग्रिपरला बोटांमधल्या अंतरावरून कळतं. बोटं अपेक्षेपेक्षा जास्त मिटली तर मधे काही नाही. फारच लवकर अडली तर प्लेट काटकोनात फिरवून ठेवलेली आहे. या दोन्ही वेळी यंत्र थांबतं आणि ओरडतं. एक चूक मात्र त्याला कधीच कळत नाही. प्लेट १८० अंशांत फिरलेली असेल तरी लांबी तीच, रुंदी तीच, नेस्टमध्ये बसतेही झकास. फक्त ए१ खळगा एच१२ च्या जागी गेलेला असतो. बाकी चाचणी बरोबर होते, अहवाल बरोबर छापले जातात, पण पहिल्या रुग्णाचा अहवाल शहाण्णवाव्याच्या नावावर. प्लेटचा एखादा कोपरा छाटलेला असतो तो माणसाच्या डोळ्यांसाठी. बोटं मधोमध धरतात, त्यांना तो दिसत नाही.

म्हणून खरे नमुने लावण्याआधी रात्रभर पाण्याच्या प्लेटा फिरवतात. आम्ही ए१ मध्ये जिलबीत घालतात तो खायचा रंग टाकायचो, बाकी ९५ खळग्यांत साधं पाणी. सकाळी सगळी यंत्रं फिरून प्लेट शेवटच्या नेस्टमध्ये आलेली असायची, आणि आधी डाव्या वरच्या कोपऱ्यात केशरी ठिपका दिसतो का ते बघायचं. मग उरलेले खळगे उजेडात धरायचे. शेजारच्या ए२ किंवा बी१ मध्ये फिकट पिवळसर झाक आली असेल, तर कुठल्या तरी वळणावर हिसका बसला आहे, आणि ते वळण शोधायला त्या दिवशी चहाच्या आधीच बसायचं.