अल्पसंख्याकांचा मताधिकार, सोलापूर महानगरपालिका

सोलापूर शहराच्या स्थानिक निवडणुकांत धार्मिक, भाषिक व जातीय अल्पसंख्याकांना मत देता यावे आणि त्या मताला वजन यावे, यासाठी वेळोवेळी झालेल्या तरतुदी व त्यांचे परिणाम. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ असून मुस्लिमांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश आहे. पूर्व भागातील तेलुगूभाषक पद्मशाली, कन्नडभाषक लिंगायत, मोची व अन्य अनुसूचित जाती, बौद्ध, विमुक्त जाती (ब्रिटिश काळात कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमाती) आणि ख्रिस्ती हे अन्य मोठे-लहान समूह होत. एका पेठेत बहुसंख्य असलेला समाज शेजारच्या पेठेत मूठभर असतो. त्यामुळे संपूर्ण शहराच्या आकडेवारीवरून मताधिकाराविषयी फारसे कळत नाही.

सोलापूरची नगरपालिका १८५२ च्या सुमारास स्थापन झाली. आरंभी सभासद सरकारनियुक्त असत. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावानंतर १८८४ च्या मुंबई कायद्याने निवडून आलेल्या सभासदांना वाव मिळाला. पण मताधिकार मालमत्ता व करभरणा यांना बांधलेला असल्याने गिरणी कामगार, हातमागवाले व अस्पृश्य मानलेले समाज बहुतांशी यादीबाहेरच राहिले. त्यांचा आवाज सभागृहात पोहोचण्याचा मार्ग म्हणजे सरकारी नियुक्ती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ (ज्यात त्या समाजाचेच मतदार आपला प्रतिनिधी निवडतात) आले. स्वतंत्र मतदारसंघ की संयुक्त मतदारसंघात राखीव जागा, हा वाद अस्पृश्य मानलेल्या समाजांना संयुक्त मतदारसंघात राखीव जागा देणाऱ्या १९३२ च्या पुणे करारानंतरही मिटला नाही. स्वतंत्र मतदारसंघातून आलेला प्रतिनिधी आपल्या समाजाला उत्तरदायी राहतो, असे एक मत. त्याला इतरांच्या मतांची गरजच उरत नाही आणि इतरांनाही त्याची, असे दुसरे. नगरपालिकेपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण नळ, गटार व दिवाबत्तीचे निर्णय सभागृहातील बहुमताने होतात.

सेटलमेंटमधील वस्तीचा प्रश्न वेगळा आहे. १८७१ च्या व पुढे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये नोंदलेल्या कैकाडी, पारधी, भाट आदी जमातींना विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आगेमागे सोलापुरात तारेच्या कुंपणात वसवण्यात आले. त्यांच्या श्रमांवर शहरातील कापडगिरण्यांचाही डोळा होता. हजेरी व परवान्याशिवाय बाहेर न पडण्याचे बंधन असलेल्या या लोकांजवळ मताधिकार देणारी मालमत्ता असण्याची शक्यता नव्हतीच. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. कुंपणाची तार पंडित नेहरूंच्या हस्ते तोडली गेल्याचे सांगतात. त्याचे साल बहुधा १९६० धरले जाते. प्रौढ मताधिकाराने नाव यादीत आले, तरी उमेदवारीसाठी जातीचा पुरावा लागतोच. विमुक्त व भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या, तर अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे कागद जोडावे लागतात. शाळेच्या दाखल्याची परंपरा नसलेल्या कुटुंबाला हे कागद मिळवणे कठीण जाते. शिवाय स्थानिक संस्थांत विमुक्तांना स्वतंत्र जागा नाहीत. नागरिकांच्या मागास प्रवर्गात त्यांची गणना इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसोबत होते आणि संघटित व संख्येने मोठ्या जातींपुढे ते मागे पडतात.

१ मे १९६४ रोजी महानगरपालिका झाली. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या, स्त्रियांना एक-तृतीयांश (महाराष्ट्रात पुढे निम्म्या) जागा आल्या आणि निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे गेल्या. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नाहीत. मुस्लिमांतील बागवान, तांबोळी यांसारख्या इतर मागासवर्गीय जातींचे उमेदवार मात्र मागास प्रवर्गाच्या जागेवर उभे राहू शकतात.

राखीव जागांइतकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची बाब म्हणजे प्रभागाचा आकार. महाराष्ट्रात (मुंबई वगळता) २००२ मध्ये तीन सदस्यांचे, २००७ मध्ये एक सदस्याचे, २०१२ मध्ये दोन व २०१७ मध्ये साधारणतः चार सदस्यांचे प्रभाग होते. बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेची लढत स्वतंत्र असते. मतदार प्रत्येक जागेसाठी एकेक मत देतो आणि ती सारी मते एकाच उमेदवाराला देता येत नाहीत. परिणामी प्रभागात तीस टक्के असलेल्या समाजाने एकदिलाने मतदान केले, तरी उरलेले सत्तर टक्के एकत्र आल्यास चारही जागा त्यांच्याच हाती जातात. बेगम पेठ किंवा नई जिंदगीसारखी दाट वस्ती एकसदस्यीय प्रभागात हुकमी नगरसेवक देऊ शकते. तीच वस्ती मोठ्या प्रभागात जोडली गेली की पॅनेलच्या (प्रभागातील सर्व जागांसाठी पक्षाने मिळून उभ्या केलेल्या उमेदवारांच्या) मर्जीवर राहते. याउलट विखुरलेल्या लहान समाजाला मोठ्या प्रभागात पक्षाच्या पॅनेलमधून एखादी जागा मिळते, असा प्रतिवाद केला जातो. तो अंशतः खरा आहे, पण त्यात उमेदवार समाजाने नव्हे, पक्षाने निवडलेला असतो. सोलापुरात २०१७ मध्ये २६ प्रभागांतून १०२ सदस्य निवडले गेले. ऑल इंडिया मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनला ९ व बहुजन समाज पक्षाला ४ जागा मिळाल्या.

प्रभागरचनेच्या सूचनांत अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत असे म्हटलेले असते. भाषिक वा धार्मिक अल्पसंख्याकांच्या वस्त्यांना असे नाव घेऊन संरक्षण नाही. प्रारूप रचनेवरील हरकत व सुनावणी हाच त्यांचा उपाय. मतदारयादी विधानसभेची असते व ती प्रभागनिहाय फोडली जाते. या टप्प्यावर एका गल्लीची नावे शेजारच्या प्रभागात गेली तर हरकतीवर दुरुस्ती होते. मात्र जे नाव विधानसभेच्या यादीतच नाही, ते येथे नव्याने घालता येत नाही. म्हणून यादीची तपासणी निवडणूक जाहीर होण्याच्या बरीच आधी करावी लागते. सतत घर बदलणाऱ्या विडी व यंत्रमाग कामगारांना ते क्वचितच जमते.

अनुसूचित जाती-जमातींच्या मतदाराला मत न देण्यास वा विशिष्ट उमेदवाराला मत देण्यास भाग पाडणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मागासवर्गाच्या जागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ रोजी समर्पित आयोगाची आकडेवारी, संस्थानिहाय प्रमाण व एकूण ५० टक्क्यांची मर्यादा अशा तीन अटी घातल्या. त्यावरील वादात राज्यातील स्थानिक निवडणुका रखडल्या. मार्च २०२२ पासून सोलापूर महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले.