टीव्हीवरचा विजेता आणि त्याचा पुढचा धंदा

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत लहानसं युनिट चालवणारा माणूस टीव्हीवरच्या उद्योग-स्पर्धेचा अर्ज भरतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर चेक असतो. या प्रकाराच्या एका शाखेची सुरुवात मात्र चेकने झाली नव्हती, नोकरीने झाली होती.

८ जानेवारी २००४ ला अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘द अप्रेंटिस’ सुरू झाला. १६ उमेदवार, दर भागात एक काम, आणि हरलेल्या संघातल्या एकाला डोनाल्ड ट्रम्प घरी पाठवणार. जिंकणाऱ्याला त्यांच्या कंपनीत वर्षभराची नोकरी, पगार अडीच लाख डॉलर. पहिला विजेता शिकागोचा बिल रॅन्सिक. लॉस एंजेलिसजवळचं गोल्फचं मैदान की शिकागोत उभा राहणारा टॉवर, अशी निवड त्याच्यापुढे ठेवली होती. त्याने टॉवर घेतला.

स्पर्धा जिंकून उद्योजक झालेला माणूस म्हणून त्याचं नाव घेतात, पण क्रम उलटा आहे. शोमध्ये येण्याच्या कितीतरी वर्षं आधी तो दर महिन्याला घरपोच सिगार पाठवायचा धंदा चालवत होता आणि तो धंदा त्याने एका छोट्याशा फ्लॅटमधून उभा केला होता. म्हणजे स्पर्धेने एका मालकाला नोकरीत बसवलं! पुढे टीव्हीचे कार्यक्रम, भाषणं आणि २०१२ मध्ये शिकागोत ‘आरपीएम इटालियन’ हे रेस्टॉरंट. त्यातले भागीदार हॉटेल व्यवसायात मुरलेल्या मेलमन कुटुंबातले. ओळखीचा चेहरा एकाचा आणि रोजचं काम जाणणारे हात दुसऱ्याचे, अशी ही विभागणी. टीव्हीच्या प्रसिद्धीचा याहून शहाणा वापर फार थोड्यांना जमला.

ब्रिटनमध्ये २००५ साली बीबीसीने हाच कार्यक्रम उद्योगपती अ‍ॅलन शुगर यांना घेऊन आणला. बक्षीस पुन्हा नोकरीच, वर्षाला एक लाख पौंडांची. पहिला विजेता टिम कॅम्पबेल काही काळ शुगर यांच्या कंपनीत राहून बाहेर पडला. या नोकरीची अडचण २०१० ची विजेती स्टेला इंग्लिश हिच्या वेळी चव्हाट्यावर आली. आपल्याला खरं काम दिलंच नाही, असं म्हणत ती कामगार न्यायाधिकरणात गेली आणि २०१३ मध्ये तिचा दावा फेटाळला गेला. या खटल्यामुळेच बक्षीस बदललं असं अनेक जण धरून चालतात. तारखा तसं सांगत नाहीत, कारण बदल २०११ च्या पर्वातच झाला होता. नोकरी गेली आणि तिच्या जागी अडीच लाख पौंडांची गुंतवणूक व निम्मी भागीदारी आली.

त्या पर्वाचा विजेता टॉम पेलरो. शोमधल्या बहुतेक कामांत त्याचा संघ हरलेला. अंतिम फेरीत त्याने मांडलेली योजना पाठदुखी टाळणाऱ्या ऑफिसच्या खुर्च्यांची होती, पण शुगर यांनी पैसा लावला तो त्याच्या वक्राकार नेल फाइलवर, म्हणजे नखं घासायच्या पट्टीवर. कारण साधं होतं: खुर्ची कागदावर होती, फाइल आधीच तयार होती. त्याच पर्वातली सुसान मा जिंकली नाही, तरी तिच्या ‘ट्रॉपिक’ या स्किनकेअर धंद्यात शुगर भागीदार झाले. ती शाळकरी वयापासून लंडनच्या बाजारात स्टॉल लावून हा माल विकत होती. २०१४ चा विजेता मार्क राइट याने डिजिटल मार्केटिंगची कंपनी काढली आणि २०२२ मध्ये ती विकून मोकळा झाला. या सगळ्यांत दिसतं ते हेच, की ज्याच्याकडे आधीपासून माल, गिऱ्हाईक किंवा कसब होतं, त्याचंच पुढे चाललं.

आपल्याकडे पोचलेली शाखा वेगळी आहे. तिचं मूळ जपानमधल्या २००१ च्या कार्यक्रमात. तिथून २००५ मध्ये ब्रिटनचा ‘ड्रॅगन्स डेन’, २००९ मध्ये अमेरिकेचा ‘शार्क टँक’ आणि २० डिसेंबर २०२१ ला सोनीवर ‘शार्क टँक इंडिया’. इथे विजेता नसतोच. उद्योजक गुंतवणूकदारांपुढे धंदा मांडतो आणि पैशाच्या बदल्यात कंपनीतला हिस्सा देऊ करतो. डील झाली तो जिंकला, असं आपण म्हणतो.

मराठी प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती पहिल्या पर्वातली मालेगावच्या कमलेश घुमरे यांची डील. शेतकऱ्याच्या पाठीवरचा फवारणी पंप चाकांवर आणणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. मागणी होती १० टक्क्यांसाठी ३० लाख. शोमधले एक गुंतवणूकदार पीयूष बन्सल यांनी दिले ४० टक्क्यांसाठी १० लाख आणि वर २० लाख बिनव्याजी कर्ज. दोन्हीकडे आकडा ३० लाखांचाच दिसतो, हिशेब मात्र सारखा नाही. पहिल्यात कंपनीची किंमत ३ कोटी धरलेली, दुसऱ्यात २५ लाख. पाहणाऱ्यांना हा फरक टाळ्यांत ऐकू येत नाही.

हाच हिशेब एखाद्या नागपूरकराला करायचा झाला तर असा. समजा कंपनीचे १०,००० शेअर आहेत आणि १० टक्क्यांना ३० लाख ठरले. गुंतवणुकीनंतरची किंमत ३ कोटी, आधीची २ कोटी ७० लाख, म्हणजे एक शेअर २,७०० रुपयांचा. नवे १,१११ शेअर काढायचे. त्याचे २९,९९,७०० रुपये होतात. पुष्कळ जण आपल्याच नावचे १,००० शेअर देऊन टाकायचं म्हणतात. तसं केलं तर पैसा मालकाच्या खिशात जातो, कंपनीत येत नाही, आणि गुंतवणूकदार तिथेच उठतो.

कॅमेऱ्यासमोरचं हस्तांदोलन बंधनकारक नसतं. त्यानंतर कागदपत्रांची छाननी होते आणि डील मोडते किंवा बदलते ती इथे. अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. धंदा एकट्याच्या मालकीचा (प्रोप्रायटरी) असेल तर शेअर द्यायला कंपनीच नसते. आधी प्रायव्हेट लिमिटेड करावी लागते. ब्रँडचा ट्रेडमार्क काकांच्या नावावर निघतो. विक्रीचे पैसे घरच्या यूपीआय खात्यात जमा झालेले असतात, त्यामुळे स्टेजवर सांगितलेली उलाढाल जीएसटी रिटर्नशी जुळत नाही. एमआयडीसीतला गाळा पोटभाड्याने घेतलेला असतो आणि महामंडळाची परवानगी काढलेली नसते. पैसा आला तरी तो वेगळ्या बँक खात्यात ठेवावा लागतो, ६० दिवसांत शेअर वाटप करावं लागतं, त्यानंतर १५ दिवसांत वाटपाची माहिती देणारा पीएएस-३ फॉर्म भरावा लागतो. तो भरल्याशिवाय त्या पैशाला हात लावता येत नाही. चेक मिळाला म्हणून त्याच आठवड्यात मशीनचा अ‍ॅडव्हान्स देणारे फसतात ते यामुळे.

दुसरी कसोटी प्रक्षेपणानंतरची, आणि संत्र्यावर धंदा करणाऱ्याला ती जास्त जड जाते. नागपुरी संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो, काही तासांनी कडवट होतो; तापवला तर आणखी लवकर. फोडीच्या पापुद्र्यातल्या आणि बियांतल्या एका घटकाचं रसातल्या आंबटपणामुळे लिमोनिन बनतं, त्याची ही चव. म्हणून बिया भरडल्या जाऊ नयेत आणि पापुद्रे पिळले जाऊ नयेत इतका दाब हलका ठेवावा लागतो, आणि तसा ठेवला की रस कमी निघतो. टीव्हीमुळे ऑर्डर दहापट झाली की कारागीर नेमका दाब वाढवतो. माल देशभर जातो आणि कडू लागल्याच्या तक्रारी परत येतात.

फळाचंही तसंच. आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत, मृग बहाराचं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरच्या कळमना बाजारात उतरतं. एपिसोड जानेवारीत लागला तरी त्याच्या क्लिपा मे महिन्यात फिरत असतात आणि मागणी तेव्हाच चढते. त्या वेळी हातात पल्प, म्हणजे फळाचा गर, हवा असेल तर तो हंगामात विकत घेऊन उणे १८ अंशांवर साठवलेला पाहिजे. म्हणजे गुंतवणुकीतला मोठा वाटा पहिल्याच वर्षी फळात आणि शीतगृहाच्या भाड्यात अडकतो. अर्ज भरताना ‘पैसा कशासाठी’ या रकान्यात लोक जाहिरात लिहितात. तिथे पल्पचे टन, दर आणि साठवणुकीचे महिने लिहिलेले असले तर समोरचा पुढचा प्रश्न विचारतो.