वन्य जनुके आणि पिकांची क्षारसहिष्णुता

रानटी किंवा आदिम जातींमधील जनुके लागवडीच्या पिकांत आणून खारट जमिनीत तग धरण्याची त्यांची क्षमता वाढवण्याची पद्धत. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत् संवाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) 4 डेसिसीमेन प्रति मीटर किंवा अधिक असल्यास ती जमीन खारी समजतात. अशा जमिनीत मुळांना पाणी ओढणे जड जाते. पुढे पानांत सोडियम साचून पाने अकाली वाळतात. संशोधनाचा भर बराचसा या दुसऱ्या परिणामावर राहिला आहे.

सर्वांत सखोल अभ्यास गव्हात झाला. बन्सी (दुरुम) गहू साध्या गव्हापेक्षा क्षाराला हळवा असतो. पानात सोडियम साचू न देणारा केएनए1 हा विभाग साध्या गव्हाच्या 4डी गुणसूत्रावर असतो. त्या गव्हाचा डी जनुकसंच (त्यात एकत्र आलेल्या गुणसूत्र-संचांपैकी एक) एजिलॉप्स टॉशी या रानगवतातून आला. बन्सीत हा संचच नाही. ऑस्ट्रेलियात राना मन्स व सहकाऱ्यांनी बन्सीच्या गटातील वाणांची चाळणी केली, तेव्हा ‘149’ क्रमांकाच्या वाणाच्या पानांत सोडियम फारच कमी आढळला. त्यामागे दोन जनुके निघाली : 2ए गुणसूत्रावरील नॅक्स1 व 5ए वरील नॅक्स2. दोन्ही एचकेटी कुळातील, म्हणजे पेशीच्या पटलातून सोडियमची ने-आण करणारी, वाहक प्रथिने घडवतात. नॅक्स2 मुळांमध्येच प्रकाष्ठातून (पाणी वर नेणाऱ्या नलिकांतून) वर चढणाऱ्या रसातला सोडियम काढून घेते. नॅक्स1 हेच काम मुळाबरोबर पानाच्या तळाच्या आवरकातही (खोडाला वेढणाऱ्या भागातही) करते. मीठ आवरकात अडकते आणि हिरवे पाते वाचते.

या जनुकांचे मूळ मात्र आडवळणाचे आहे. ‘149’ ची वंशावळ 1970 च्या दशकाच्या सुरुवातीच्या सुमारास झालेल्या ट्रिटिकम मोनोकॉकम या आदिम गव्हाच्या व बन्सीच्या संकरापर्यंत जाते. तो संकर तांबेऱ्याच्या प्रतिकारासाठी केला होता. क्षाराचा विचार त्यात नव्हता. मोनोकॉकमला वृत्तांतून ‘गव्हाचा रानटी पूर्वज’ म्हटले जाते, पण हे वर्णन सैल आहे. मोनोकॉकम हे अतिप्राचीन लागवडीचे पीक असून त्याचे खरे रानटी रूप बिओटिकम होय. शिवाय गव्हाचा ए संच बहुधा ट्रिटिकम उरार्टू या रानगवताकडून आला असल्याने मोनोकॉकमला पूर्वजाचा भाऊबंद म्हणणे अधिक बरोबर. नॅक्स2 बन्सीतून केव्हा लोपले याविषयी एकमत दिसत नाही. शेतकऱ्याच्या निवडीत ते गळाले असण्यापेक्षा ए संच देणाऱ्या मूळ रानगवतातच ते नसावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतचाचण्यांत खाऱ्या जमिनीवर नॅक्स2 असलेल्या बन्सीने ते नसलेल्या भगिनी वाणांपेक्षा 25 टक्के अधिक धान्य दिले. हा वाण नेहमीच्या संकराने व चिन्हक-निवडीने (डीएनएतील खुणांवरून हवी ती रोपे निवडून) तयार झालेला आहे.

भातात अडचण संकराचीच आहे. सुंदरबनात भरतीच्या पाण्याखाली जाणारे पोर्टेरेशिया कोआर्क्टाटा हे गवत पानावरील सूक्ष्म केसांवाटे मीठ बाहेर टाकते. परंतु त्याची गुणसूत्रे 48, तर भाताची 24. संकराचा गर्भ दाण्यात जगत नसल्याने तो काढून पोषक माध्यमात वाढवावा लागतो. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने असा संकर साधल्याचे 2013 मध्ये जाहीर केले. पोक्कली, नोना बोकरा हे क्षारसहिष्णू भात लागवडीचे देशी वाण आहेत; त्यांची गणना येथे होत नाही.

टोमॅटोचे उदाहरण गव्हाच्या उलट आहे. गॅलापागोस बेटांवरील सोलॅनम चीझमॅनी समुद्राच्या पाण्याइतक्या खारट द्रावणातही जगतो, असे रश व एप्स्टाइन या संशोधकांनी 1976 मध्ये दाखवले; पण तो सोडियम अडवत नाही, पानांत साठवतो. पानांत कमी सोडियम म्हणजे अधिक सहिष्णुता, हा नियम म्हणून सर्वत्र लावता येत नाही.

संकर शक्य नसलेल्या वनस्पतींतून थेट जनुक-स्थानांतर करतात. तिवराचे (ॲव्हिसेनिया मरीना) विषारी ऑक्सिजन-अणुसमूह निष्प्रभ करणारे जनुक बासमती भातात घातले गेले आहे. मात्र अशा दाव्यांत उत्पादनाचे मोजमाप क्वचितच असते, असा आक्षेप वनस्पतिशास्त्रज्ञ टी. जे. फ्लॉवर्स यांनी 2004 मध्ये घेतला होता. कुंडीत रोप टिकणे आणि शेतात दाणा भरणे यांत अंतर असल्याने तो रास्त ठरतो.